बुवांच्या हातचं पान

विद्याधरबुवा पाध्ये यांना जाऊन सोळा दिवस झाले होते. सतराव्या दिवशी सकाळी सव्वानऊ वाजता त्यांच्या हातचं पान आलं.

मृण्मयी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा रत्नागिरीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. दिवसकार्य आटपून ती आदल्या दिवशीच परतली होती. समोर चहा निवत होता आणि विद्यार्थी आज आपल्याशी जरा जास्तच हळू बोलताहेत, हे तिच्या लक्षात येत होतं. तेवढ्यात फोनवर नेहमीची सूचना उमटली : 'विद्याधर पाध्ये, वय ७४. आजचं पान मिळालं. कंप वाढलेला. मात्रेचा फेरविचार करावा.'

तिला वाटलं, जुनंच एखादं पान असेल. देवरुखच्या डोंगराआड नेटवर्क असं पान अडकवून ठेवतं आणि मग कधीतरी सोडतं. तिने ते उघडलं. वर आजची तारीख होती. खाली बुवांच्या वळणदार अक्षरात, बुवांच्याच थरथरीसकट दोन ओळी होत्या : 'दिवसांची भांडी घासून माळ्यावर टाकली. तुम्ही म्हणाला असता, एवढी काढलीत कशाला.'

मृण्मयीने फोन पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला. अक्षर बाबांचं होतं. मजकूर आईचा होता.

पुढचं कळायचं तर आधी डबा कळायला हवा.

डबा म्हणजे खरोखरच डबा. बुटांच्या खोक्याएवढा, पुठ्ठ्याचा, आतून काळा रंगवलेला. वर कुणीतरी टाकून दिलेल्या फोनचा कॅमेरा आणि आत आठ बारीक दिवे. मृण्मयीने तो असा स्वस्तातला केला, कारण तो घरोघरी जायला हवा होता. ओल्या शेतातून कुणी चालत गेलं, तर भर दुपारी काही दिसत नाही. पण ऊन कलतं झालं की एकेक पाऊल सावलीनिशी उठून दिसतं. माणूस जड होता की हलका, घाईत होता की रमतगमत, सगळं कळतं. कागदावरून पेन जातं तेही असंच पाऊल उमटवत जातं, केसाहून बारीक चर पाडत. डब्यातले दिवे आठ बाजूंनी एकामागून एक लागत, आठ फोटो निघत आणि सावल्यांच्या फरकावरून चराची खोली कळे. हात कुठे दाबला, कुठे सैल पडला, हे त्यावरून समजे. शाईवरून वेग कळे, कारण पेन रेंगाळलं तिथे शाई साचते आणि धावलं तिथे विरळ होते. दोन्हींची सांगड घातली की लिहून वाळलेल्या पानावरून, ते लिहिताना हात कसा हलला होता, ते पुन्हा उभं करता येई.

याचा उपयोग कंपवाताला. त्या आजारात हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो. सुरुवातीला ही थरथर घरच्यांना दिसत नाही, पण पेनाला लपवता येत नाही. मेंदूचा डॉक्टर काही तालुक्याच्या गावी बसत नाही. म्हणून रोग्याने रोज सकाळी एक पान लिहून डब्यात सरकवायचं. हात कसा चालला आहे त्याची रेघ पुण्याला डॉक्टर इनामदार बाईंकडे उमटायची आणि त्या रेघेवरून गोळीची मात्रा ठरायची. कोकणातल्या अकराशे घरांत असे डबे लागले होते. त्यातला पहिला अर्थातच बाबांच्या घरी.

तो लावला त्या दिवशी बुवा झोपाळ्यावर बसले होते. उजवा हात उपरण्याखाली होता.

"हा कुठला नवा देव आणलास?"

"देव नाही बाबा, डबा आहे. रोज एक पान लिहायचं आणि आत सरकवायचं."

"काय लिहू?"

"सुचेल ते लिहा."

"चाळीस वर्षं सुचेल ते बोललो तर लोकांनी हार घातले. हा काय घालतो बघू."

"गोळ्या घालील," आई आतून म्हणाली. "गुमान लिहा."

आईने, वैजयंतीबाईंनी, त्या दिवशी डब्याला हळदकुंकू वाहिलं. लेकीची वस्तू होती ती. मृण्मयीने कपाटातून बाबांच्या कीर्तनाच्या जुन्या वह्या काढल्या आणि एकेक पान डब्याला दाखवलं. हात धड होता तेव्हा तो कसा चालायचा, हे डब्याला आधी ठाऊक हवं होतं. पूर्वरंगाची निरूपणं, उत्तररंगाची आख्यानं, सगळं मोत्याच्या दाण्यांसारखं. पाहून तिचा ऊर भरून आला होता.

पहिले सहा दिवस पानं वाईट आली. नुसतं गिचमिड. सातव्या दिवसापासून अक्षर एकदम सावरलं. थरथर होती, पण बेताची. गोळी लागू पडली! आईने शिरा केला. डॉक्टर इनामदार स्क्रीनवरून म्हणाल्या, "बुवा, रेघ इतकी चांगली आहे तोवर कीर्तन करा खुशाल. फार वर गेली की मात्र व्यासपीठ बंद हं. पडाल कुठेतरी." बुवांनी हात जोडले तेही उपरण्याखालूनच.

त्याच पावसाळ्यात डब्याने एक तक्रार सुरू केली होती. बाबांच्या पानांवर तो रोज शेरा मारी : 'आकार आणि दाब जुळत नाहीत.' म्हणजे अक्षराच्या आकारात थरथर दिसते, पण चराच्या खोलीत दिसत नाही. मृण्मयीने दोन दिवस डोकं खाजवलं. मग तिला वाटलं, कारण उघड आहे. कोकणातल्या पावसात पापड सादळतात, तिथे कागदाची काय कथा! सादळलेल्या कागदावर चर नीट उमटणार नाही. इतर घरांतूनही असे शेरे अधूनमधून येत होते. तिने दाब बाजूला ठेवला आणि डब्याला नुसत्या आकारावर हिशेब करायला सांगितलं. स्क्रीनवरच्या चौकटीतली एक खूण काढायचं काम. नंतर हिवाळा आला, कागद कोरडे झाले, पण ती खूण परत करायचं राहून गेलं.

वर्षभर सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या वर्षी रेघ चढू लागली. आधी हळूहळू, मग महिन्यागणिक. व्यासपीठ बंद करण्याइतकी ती वर गेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. चार महिन्यांनी आणखी, दिवाळीआधी पुन्हा एकदा. बुवांच्या दिवसाला आठ गोळ्या झाल्या.

आणि मग बुवांना दिसायला लागलं.

हे मृण्मयीला सांगितलं ते पेटीवाल्या नाना शेट्यांनी. नाना तीस वर्षं बुवांच्या मागे पेटीवर बसायचे. फोन करायचा तर ओरडूनच करायचा, अशी त्यांची समजूत होती.

"मृणाताई! बसलीयस ना? आधी बस! बुवांना आगाशेबुवा दिसतात!"

आगाशेबुवा म्हणजे बाबांचे गुरू. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

"दिसतात म्हणजे नाना?"

"म्हणजे समोर बसतात, कीर्तनाला! पहिल्या रांगेत, खांबाशी. काल बुवा निरूपण थांबवून म्हणाले, गुरुजी, चुकलं काय हो? आणि एकदम हसले. माझ्या अंगावर काटा आला बघ. मी तर सूरच सोडला. तबलजी म्हणतो, नाना पेटी का थांबली? म्हटलं, गाढवा, इथे कोण येऊन बसलंय आणि तुला पेटीचं पडलंय!"

मृण्मयीच्याही अंगावर काटा आला. तिला माहीत होतं. मात्रा जास्त झाली की नसलेली माणसं दिसतात, हे डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात तिनेच छापलं होतं. पण माहितीपत्रकातली माणसं अनोळखी असतात. आगाशेबुवांच्या मांडीवर तिचं बारसं झालं होतं. ती अशा घरात वाढली होती, जिथे रोज सायंकाळी देव येऊन ऐकतो असं धरूनच समई लावतात. ज्या घरातल्या माणसाने जन्मभर नाम घेतलं, त्याला म्हातारपणी गुरू भेटायला आले, तर त्या घरातलं कोण औषधाची बाटली उलटी करून बघेल?

डॉक्टर इनामदारांनी आपल्याकडून विचारलं होतं. "बुवा, नसलेलं काही दिसतं का? माणसं वगैरे?"

बुवांनी आईकडे पाहिलं. आई ठामपणे म्हणाली, "नाही हो. नसलेलं काही दिसत नाही."

ती खोटं बोलत नव्हती.

दत्तजयंतीला देवळात गर्दी होती. बुवा रंगात आले होते. आवाज म्हणजे तीस वर्षांमागचा. मृण्मयी बायकांत आईशेजारी बसली होती. आख्यान अर्ध्यावर आलं आणि बुवा थांबले. चेहरा असा उजळला की लोकांनी मागे वळून पाहिलं.

"या, या," बुवा म्हणाले. "असे खांबाशी काय बसता? पुढे या."

मग स्वतःच म्हणाले, "बसा, बसा. मीच येतो."

त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, हात जोडले आणि वाकून पुढे पाऊल टाकलं. व्यासपीठ चार फूट उंच होतं. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. पायरीच्या दगडावर डोकं आपटल्याचा आवाज टाळ्यांत कुणाला आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची, "गुरूंच्या पायावर डोकं ठेवायला गेले हो. असं मरण कुणाला येतं?" हे वाक्य बोलली की तिला घोटभर चहा जायचा.

एवढं झालं होतं, आणि आता सतराव्या दिवसाचं पान समोर होतं.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लाकडी हात होता. बांबूच्या कांबट्या, खेळण्यातल्या मोटारी, पुढे चिमट्यात धरलेलं पेन. डब्याने पानावरून ताडलेली हालचाल खरी की खोटी, हे तपासायला विद्यार्थ्यांनी तो बनवला होता. ताडलेलं बरोबर असेल, तर हात तेच पान तसंच लिहून दाखवी. मृण्मयीने दार लावून घेतलं. अडीच वर्षांपूर्वी काढून टाकलेली दाबाची खूण परत केली आणि दुसऱ्या आठवड्यातलं एक पान हाताला दिलं.

हात लिहू लागला. अगदी सावकाश, शांत. प्रत्येक रेघेला त्याने बारीक लाट दिली, जशी पोरं चित्रात समुद्राला देतात. अक्षर थरथरलेलं उमटलं, पण बांबूच्या कांबट्या जराही हलल्या नाहीत. तो हात थरथरत नव्हता. थरथर काढत होता.

तिने आणखी पानं घातली. पहिल्या वर्षभराची सगळी तशीच. दुसऱ्या वर्षाच्या चैत्रातलं पान घातलं, आणि लिहिता लिहिता कांबटी एकदा किंचित शहारली. आषाढातलं घातलं. दिवाळीतलं घातलं. शेवटी आज सकाळचं घातलं, तर अख्खा हात मेजावर खडखडायला लागला. सेकंदाला पाच वेळा. पेन चिमट्यातून निसटून खाली पडलं आणि रिकामा हात हवेत तसाच थडथडत राहिला.

मृण्मयीने मोटारीची वायर ओढली. बाबांच्या नावाखाली वर्षभर चढत गेलेली रेघ बाबांची नव्हतीच. ती आईची होती. आईला कंपवात झाला होता, तो बाबांच्या खोट्या थरथरीआड दडून वाढला होता. आणि त्यावरच्या गोळ्या बाबांनी गिळल्या होत्या.

डॉक्टर इनामदारांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"मीही नुसती रेघच पाहत बसले," त्या म्हणाल्या. "हात बाहेर काढा, एवढं सांगायला हवं होतं मी. मृण्मयी, आईंना आत्ता औषध सुरू केलं तर पुष्कळ वर्षं हात चालेल, पायही चालतील. उशीर नको. त्यांना बाकीचं काय सांगायचं, ते मात्र तूच ठरव."

दुपारी ती घरी पोचली. आई माजघरात फुलवाती वळत होती. पूर्वी तिच्या वाती बघायला शेजारणी यायच्या, कळ्याच जणू. आता परडीत निम्मा कापूस नुसता पिंजला गेला होता.

"अगं, कालच तर गेलीस. काही विसरलीस का?"

"आई, आजचं पान तू लिहिलंस?"

"हो. सवय गं. चूल पेटवायच्या आधी पान, असं ठरलेलं होतं ना. हात शिवशिवतो."

"आणि आधीची?"

"आधीची ह्यांची."

"आई."

"ह्यांचीच म्हटलं ना. हे सांगायचे, मी लिहायची. वह्या नाही का तशाच झाल्या सगळ्या?"

मृण्मयी परडीपाशी खाली बसली. "वह्या? त्यासुद्धा?"

"तुला ठाऊक नव्हतं?" आईला गंमत वाटली. "अगं, आगाशेबुवांची शिस्त होती, वही बुवाच्या स्वतःच्या हातची पाहिजे. आणि ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. उभं राहिल्यावर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. लग्न झालं त्या वर्षीच मी एक अक्षर ठरवलं, बुवांना शोभेल असं, आणि तेच धरलं. दुधाचा हिशेबही मी त्याच अक्षरात लिहायची. म्हटलं, कुणी बघितलं तर घोळ नको."

लहानपणी मृण्मयीला वाटायचं, नवराबायकोचं अक्षर हळूहळू सारखं होत असेल. तिने डब्याला बाबांचा धडधाकट हात म्हणून जो दाखवला, तोही आईचाच होता. हात दुसऱ्याच कुणाचा आहे, असा डब्याला संशय यायचा तरी कुठून?

"पहिले सहा दिवस लिहिलं ह्यांनी," आई सांगत होती. "पेन धरवेना. सातव्या दिवशी पान फाडलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, वैजू, हे असलं तिकडे दिसलं तर कीर्तन गेलं. म्हटलं, द्या इकडे."

"आणि थरथर?"

"ती काढली की!" आईच्या स्वरात जरासा तोराच होता. "बेताचीच काढायची. अजिबात नाही काढली तर तुझ्या डब्याला कळेल, फार काढली तर डॉक्टरीणबाई कीर्तन बंद करतील. आमटीत मीठ घालावं तशी घालायची."

"मग या वर्षी एवढी का वाढवलीस?"

"मी कशाला वाढवू? मी तेवढीच घालायची." तिने वात वळायला घेतली. बोटांतून कापूस सुटला. "हल्ली तर घालावीही लागत नव्हती. आपोआप यायची. म्हटलं, नाटक करता करता हाताला वळणच पडलं."

मृण्मयीने तिचा हात हातात घेतला. "आई, ते वळण नाही. बाबांना होतं तेच तुला झालंय."

आई हसली. "नवऱ्याचा आजार काय उष्ट्या ताटातून येतो?" मग हसू थांबलं. ही बाई चाळीस वर्षं आख्यानं लिहीत आली होती. कुठली गोष्ट कुठे जाऊन पोचते, हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. "म्हणजे डब्याला माझा हात दिसत होता," ती सावकाश म्हणाली. "आणि गोळ्या ह्यांच्या वाढत होत्या."

मृण्मयीने आयुष्यात कधी आकडा फिरवला नव्हता. त्या क्षणी तिने फिरवला.

"नाही गं. डब्यातच बिघाड होता. माझी चूक झाली, एक खूण चुकीची ठेवली मी. तुझ्या लिहिण्याचा काही संबंध नाही."

"खरं?"

"खरं."

आईच्या खांद्यातला ताठा उतरला. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला. "बाई, केवढी घाबरवलीस! जाऊ दे. चुका काय, सगळ्यांच्या होतात. ह्यांचं जायचं ठरलं होतं, गुरू न्यायला आले होते." तिने परडी पुढे ओढली. "म्हणजे माझा हातही ठणठणीतच आहे. बिघडलेल्या डब्याचंच सांगणं ना हे पण? आणि खरं सांगू, त्या गोळ्यांवर माझा विश्वास नाही. शेवटी शेवटी ह्यांचा तोल जायचा. मी नाही घ्यायची बाई."

आई वाती वळत राहिली. एक सुटली, दुसरी सुटली. तिसरी तिने मांडीवर दाबून कशीबशी वळली. मृण्मयी बघत होती. ही खोटी माया अशीच राहू द्यायची, तर वर्षभरात हा हात भाताचा घास तोंडापर्यंत नेणार नव्हता. दोनतीन वर्षांत आई अंगणातल्या अंगणात पडली असती. आईचं समाधान राखावं की आईला राखावं, असा सवाल होता आणि तो टाकायला घरात दुसरं माणूस उरलं नव्हतं.

"आई, मी खोटं बोलले," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. लाकडी हाताचं सांगितलं, दाबाच्या खुणेचं सांगितलं. आपली चूक होतीच, ती पहिल्याच पावसाळ्यात कळायला हवी होती, हे दोनदा सांगितलं. आई ऐकत होती. रडली नाही.

"जास्त गोळ्यांनी काय होतं?"

"तोल जातो."

"आणि?"

"दिसायला लागतं."

"काय?"

मृण्मयी परडीतला सुटलेला कापूस गोळा करू लागली.

"आगाशेबुवा आलेच नव्हते?" आईने विचारलं. अगदी लहान आवाजात, शाळेतल्या पोरीसारखं. "अगं, मी त्यांना रोज पाट मांडायची. ह्यांच्या समोर. चहा ठेवायची. हे म्हणायचे, गुरुजींना आलं जास्त लागतं. मी जास्त घालायची."

"मला नाही माहीत, आई. आले असतीलही."

"नको," आई म्हणाली. "आता परत नको बोलूस."

चार दिवस मृण्मयी तिथेच राहिली. आईने स्क्रीनवर डॉक्टरांसमोर बसून बोटं उघडली, मिटली, माजघरातून ओटीपर्यंत चालून दाखवलं, सांगतील ते सगळं केलं. पण बोलली नाही. देवाला दिवा लावायची, मागे वळायची, हात जोडायची नाही. एका तिन्हीसांजेला नाना शेट्ये आले. नेहमीसारखं ओरडून म्हणाले, "वैजूवहिनी, असं कसं? बुवा गुरुचरणी गेले, आनंद माना!" आई उठून आत गेली. नाना मृण्मयीकडे पाहत राहिले. "मी काही चुकीचं बोललो का गं?" आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

गोळ्या आल्या. फडताळात तशाच राहिल्या. सकाळी मृण्मयी पाण्याचं भांडं घेऊन समोर उभी राही. आई मान फिरवी. दुपारी तेच, सायंकाळी तेच. "कुणाच्या वाट्याच्या गोळ्या कुणी घेतल्या," एवढंच एकदा ती भिंतीला म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी मृण्मयी उठली, तर माजघर झाडलेलं होतं. आईने केस विंचरले होते, धुवट लुगडं नेसली होती. चुलीवरून आल्याचा वास येत होता.

"दे ती गोळी," आई म्हणाली.

मृण्मयीचे डोळे भरून आले. देवाच्या दिशेने तिने मनातल्या मनात डोकं टेकलं. तिने पाकिटातून एक गोळी काढून आईच्या तळहातावर ठेवली. तळहात हलत होता, गोळी त्यावर नाचत होती.

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "एकच?"

"सुरुवातीला एकच, आई. तुला पुरे होईल."

"ह्यांना आठ होत्या."

"त्या फार होत्या गं. तुझी अगदी बेताची ठेवलीय. काही त्रास होणार नाही तुला, मी रोज लक्ष ठेवीन."

आईने गोळी तोंडात टाकली, वरून पाणी प्यायली. मग उठून भिंतीला लावलेला पाट घेतला आणि आपल्या समोर मांडला. त्यावरची न दिसणारी धूळ पदराने पुसली. चहाचा कप भरला. तो आणताना निम्मा चहा बशीत सांडला, तरी तिने मृण्मयीला हात लावू दिला नाही. कप पाटापुढे ठेवला, त्याचा कान पलीकडच्या बाजूला फिरवला आणि पाटाकडे तोंड करून मांडी घालून बसली.

"किती वेळ लागतो गं?"

"अर्धा तास," मृण्मयी म्हणाली. "फार तर पाऊण. हात हलका वाटायला लागेल बघ."

आईने पाटावरची नजर काढली नाही.

"हाताचं नाही विचारत मी," ती म्हणाली.